तेलाच्या जागी काय, आणि केव्हा?

फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात पाय रोवून उभ्या असलेल्या ‘सागर सम्राट’ या रिगने खोदलेल्या विहिरीला तेल लागले. त्याच्या चार महिने आधी पश्चिम आशियात युद्ध पेटले होते. अरब देशांनी पुरवठा आवळला आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला तेलाचा भाव नवे वर्ष उजाडेपर्यंत जवळजवळ चौपट झाला. महागाईने हैराण झालेल्या मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. त्या दिवसांत आपल्या समुद्रात आपले तेल सापडले, याचा आनंद किती मोठा असेल याची कल्पना आज करता येते. २१ मे १९७६ ला प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यावर देशाला लागणाऱ्या तेलापैकी दोन तृतीयांशाहून अधिक तेल देशातच निघत होते आणि त्यात सिंहाचा वाटा या एका क्षेत्राचा, म्हणजे मुंबई हायचा होता.

हे पुस्तक ज्या वादाबद्दल आहे, त्याची सुरुवात मला इथून करावीशी वाटते. जगातले तेल कमी होत जाईल तेव्हा त्याची जागा दुसरे काही वेळेत घेऊ शकेल का, हा प्रश्न आपल्याकडे फार लांबचा समजला जातो. टेक्सासचा, सौदी अरेबियाचा, फार तर दिल्लीतल्या मंत्रालयाचा. पण तेलक्षेत्र भरात येते, माथ्यावर पोचते आणि उतरणीला लागते, हा सगळा प्रवास मुंबईने आपल्या दारात, एका पिढीच्या आयुष्यात पाहिलेला आहे. मुंबई हाय १९८९ च्या सुमारास माथ्यावर होते. दिवसाला पावणेपाच लाख पिंपांच्या आसपास तेल निघत होते. त्यानंतर ते घसरले, पुनर्विकासाच्या योजनांनी थोडे सावरले, पुन्हा घसरले. आज तिथून दिवसाला साधारण एक लाख तीस-पस्तीस हजार पिंपे निघतात.

तेलाची विहीर पाण्याच्या टाकीसारखी तळाला लागेपर्यंत एकसारखी वाहत नाही. खडकातला दाब उतरत जातो. तो टिकवायला समुद्राचे पाणी आत सोडावे लागते, मग तेलाबरोबर तेच पाणी वर येऊ लागते आणि दर वर्षी त्याचे प्रमाण वाढते. ऐंशीच्या दशकात देशाला तेलाची इतकी निकड होती की या क्षेत्रातून ते घाईने उपसले गेले. तेलाबरोबर येणारा वायू किनाऱ्यावर आणून वापरायची पुरेशी सोय झाली नव्हती, म्हणून त्यातला मोठा भाग समुद्रावरच जाळून टाकला जात होता. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने या क्षेत्राचे उत्पादन वाढवण्यासाठी ‘बीपी’ या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक साहाय्यासाठी निवडले. दहा वर्षांच्या मुदतीत तेलाचे उत्पादन चाळीस टक्क्यांहून अधिक वाढवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. तो तंतोतंत खरा ठरला, तरी १९८९ च्या निम्म्यापर्यंतही आपण पोचणार नाही.

देशाच्या हिशेबातले दोन आकडे शेजारी ठेवले की काळजी वाटल्यावाचून राहत नाही. १९८४-८५ मध्ये भारताने सुमारे २.९ कोटी टन कच्चे तेल काढले. त्या वर्षी देशात पेट्रोलियम पदार्थ लागले सुमारे ३.९ कोटी टन. २०२४-२५ मध्ये काढलेले तेल पुन्हा जवळपास तेवढेच, आणि गरज मात्र २४ कोटी टनांच्या घरात. आयातीवरचे अवलंबन २०२२ पर्यंत दहा टक्क्यांनी कमी करायचे, असे पंतप्रधानांनी मार्च २०१५ मध्ये जाहीर केले होते. तेव्हा ते ७७ टक्क्यांच्या आसपास होते. आज ते ८८ टक्क्यांच्या आसपास आहे. यात एका सरकारला दोष देऊन भागणार नाही. मुंबई हायने देशाला पंधराएक वर्षांची उसंत दिली होती. त्या पंधरा वर्षांत पुढची सोय करायला हवी होती. आपण ती उसंत वापरून संपवली, आणि १९९०-९१ मध्ये आखाती युद्धामुळे तेल भडकले तेव्हा परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते.

जगात या वादाचे दोन जुने पक्ष आहेत. पहिला भूगर्भशास्त्रज्ञांचा. किंग हबर्ट यांनी १९५६ मध्येच सांगितले होते की अमेरिकेतले तेल-उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान माथ्यावर पोचेल आणि मग उतरेल. १९७० मध्ये तसेच झाले. १९९८ मध्ये कॉलिन कॅम्पबेल आणि जाँ लाहेरेर यांनी साऱ्या जगासाठी तसाच इशारा दिला. दुसरा पक्ष अर्थशास्त्रज्ञांचा. त्यांचे म्हणणे, भाव चढला की नवे साठे शोधले जातात, नवे तंत्र येते, माणसे कमी वापरतात आणि पर्याय आपोआप पुढे येतो. अमेरिकेत शेल खडक फोडून तेल काढायचे तंत्र आले आणि २००८ मध्ये दिवसाला ५० लाख पिंपांवर आलेले तिथले उत्पादन २०२३ पर्यंत १ कोटी ३० लाखांच्या आसपास गेले. तेव्हा दुसऱ्या पक्षाने वाद जिंकल्यासारखे वाटले. पण शेलच्या विहिरीचे उत्पादन पहिल्या वर्षातच निम्म्याहून अधिक उतरते. मग पुढची विहीर, मग त्यापुढची. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२५ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे तेल आणि वायू काढण्यावर जगात जो पैसा ओतला जातो, त्यातला जवळजवळ ९० टक्के पैसा केवळ जुन्या क्षेत्रांतली घट भरून काढण्यात जातो.

या दोघांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो तिसरा मुद्दा. २००५ मध्ये रॉबर्ट हर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ऊर्जा खात्यासाठी एक अहवाल लिहिला. तेल नेमके कधी उतरेल याच्या भाकितात ते फारसे शिरले नाहीत. त्यांनी विचारले, उतरणीची तयारी किती आधी सुरू करावी लागेल? उत्तर आले: वीस वर्षे आधी, तीही युद्धपातळीवर. दहा वर्षे आधी सुरू केली तर मधली दहा वर्षे टंचाईत जातील. उतरण लागल्यावर सुरू केली तर वीस. त्या अहवालाला वीस वर्षे उलटून गेली. त्या काळात जगाची तेलाची रोजची भूक सुमारे ८.४ कोटी पिंपांवरून १०.३ कोटींवर गेली. विजेच्या गाड्याही आल्या. २०२४ मध्ये जगात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी पाचातली एक विजेची होती. म्हणजे पर्याय उगवला आहे, पण तो तेलाच्या जागी येण्याऐवजी बऱ्याच अंशी तेलाच्या भरीला आला आहे.

एका इंधनाच्या जागी दुसरे येताना प्रत्यक्ष काय घडते, हे पाहायला लोअर परळइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. इथल्या गिरण्या वाफेवर चालत. कोळसा आधी बोटीने इंग्लंडहून येई, नंतर रेल्वेने बंगालकडून. लोणावळ्याच्या पावसाचे पाणी घाटावरून खाली सोडून वीज करावी आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यावी, ही कल्पना डेव्हिड गॉस्लिंग यांनी एकोणिसावे शतक सरत असताना जमशेटजी टाटांपुढे मांडली. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. कंपनी उभी राहिली १९१० मध्ये, वळवणच्या धरणाचा पाया घातला गेला १९११ मध्ये आणि खोपोलीची वीज परळच्या रिसीव्हिंग स्टेशनात आली १९१५ मध्ये. पाणी सव्वापाचशे मीटर खाली कोसळत होते आणि एक लाख व्होल्टच्या तारा ती शक्ती सत्तरएक किलोमीटर वाहून आणत होत्या. त्या काळी जगात असे काम फार थोड्या ठिकाणी झाले होते. पुढे भिवपुरी १९२२ मध्ये आणि भिरा १९२७ मध्ये सुरू झाले. कल्पना सुचण्यापासून तिसरे वीजघर चालू होईपर्यंत पाव शतकाहून जास्त काळ गेला, आणि हे कोळशाची टंचाई नसताना, हाताशी भांडवल असताना. चालती वाफेची यंत्रे मोडीत काढायला गिरणीमालक सहजासहजी तयार नव्हते. त्यांचा पैसा त्या यंत्रांत अडकला होता.

आणखी एक गोष्ट गिरणीत काम केलेल्या माणसाला सांगावी लागत नाही. चाती आणि माग विजेवर फिरू लागले तरी धुराडी उभीच राहिली. सुताला कांजी चढवायला, कापड ब्लीच करायला, रंगवायला वाफ लागे; बॉयलर सुटला नाही. फिरवण्याच्या कामाला वीज आली, तापवण्याचे काम कोळशाकडेच राहिले. आज तेलाच्या बाबतीत आपण ‘पर्याय’ म्हणतो तेव्हा नेमके कोणत्या कामाला पर्याय, हे विचारले पाहिजे. तेल एकच असले तरी कामे पन्नास आहेत.

मग मुळशी. भिऱ्याच्या वीजघरासाठी मुळा-निळेच्या खोऱ्यात धरण बांधायचे ठरले आणि मावळातली पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार हे कळले. १९२१ च्या रामनवमीला शेतकरी सत्याग्रहाला बसले. त्यांचे नेतृत्व केले पारनेरच्या पांडुरंग महादेव बापटांनी. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना त्याच लढ्याने दिली. तुरुंगवास झाला, फटके झाले, वाटाघाटी झाल्या आणि धरण पूर्ण झाले. भाताची खाचरे गेली, देवळे गेली, आणि त्या पाण्याची वीज गिरण्यांच्या कामाला आली. लोअर परळच्या गिरण्यांना लागून जाणाऱ्या, तुलसी तलावाच्या जलवाहिनीवरून नाव पडलेल्या तुलसी पाइप रोडला पुढे सेनापती बापट मार्ग हे नाव दिले गेले. रोज लाखो माणसे ते नाव उच्चारतात. कोळशाच्या जागी स्वच्छ वीज आली हे खरे, तिचे मोल मावळातल्या कुळांनी दिले हेही तितकेच खरे, आणि या दोन गोष्टी एकाच वाक्यात सांगायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. ऊर्जेच्या बदलावरच्या पुष्कळशा लिखाणात पहिली गोष्ट असते, दुसरी नसते. म्हणून इथे ती मुद्दाम विस्ताराने लिहिली.

बदल नेहमी पुढच्याच दिशेने होतो, असेही नाही. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये आली. लालबाग-परळवरून दादरपर्यंत माणसे तिने ये-जा करत. ३१ मार्च १९६४ च्या रात्री ती कायमची बंद झाली. १९६२ मध्ये सुरू केलेली विजेची ट्रॉलीबस १९७१ मध्ये गेली. दोन्हींची जागा डिझेलच्या बसने घेतली, कारण तेव्हा डिझेल स्वस्त होते आणि रूळ-तारा म्हणजे अडगळ वाटत होती. आता ‘बेस्ट’च्या विजेवरच्या दुमजली बस पुन्हा धावू लागल्या आहेत, आणि डिझेलची शेवटची दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये निरोप घेऊन गेली. जे आपल्याकडे होते ते मोडून पुन्हा उभे करायला अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला. रेल्वेने मात्र ही चूक केली नाही. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली, १९२८ मध्ये पश्चिमेकडच्या लोकलही विजेवर आल्या. आज सकाळी लोअर परळच्या पुलावर जी गर्दी मुंगीच्या पावलांनी सरकते, ती सगळी तेलाचा थेंबही न जाळता तिथवर आलेली असते. तेलाच्या पर्यायावर देशात कितीही परिषदा होवोत, शंभर वर्षे चाललेला हा पुरावा त्यांत क्वचितच कुणी मांडतो.

चाळीतल्या स्वयंपाकाचेही असेच. पितळी टाकीचा स्टोव्ह, काकड्याने तापवलेला बर्नर, पंप मारताना कमीजास्त होणारा आवाज, कचरा अडकला की पिन. रेशनच्या दुकानापुढे पाच लिटरचे कॅन माणसांच्या आधी रांगेत उभे असत आणि दुकानदार मापाने निळे रॉकेल ओतत असे. महिन्याचा कोटा संपला की काळ्या बाजाराचा भाव. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि संप मिटायचे नाव घेईना, तेव्हा घराघरांत काटकसर सुरू झाली ती या स्टोव्हपासून: डाळ आधी भिजवायची, एका आचेवर दोन भांडी चढवायची. तेलाच्या टंचाईत माणसे कशी जगतात हे कोणाला ऐकायचे असेल, तर त्या बायकांना विचारावे. अर्थतज्ज्ञ ज्याला मागणीतली घट म्हणतात, ती त्यांनी हाताने केलेली आहे.

आज ते रॉकेल जवळजवळ गेले. या शतकाच्या सुरुवातीला देशात वर्षाला एक कोटी टनांहून अधिक रॉकेल लागे. आता पाच लाख टनांच्या आसपास. वीस-बावीस वर्षांत एक इंधन घराघरांतून उठले, ही मोठी गोष्ट आहे, आणि धुरातून सुटलेल्या बायकांसाठी तर फारच मोठी. पण त्याच्या जागी आला तो गॅस सिलिंडर, म्हणजे पुन्हा पेट्रोलियमच, आणि त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास बाहेरून आणलेला. मग पाइपचा गॅस आला. देशात वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा जहाजातून, द्रवरूपात येतो. स्वयंपाकघर स्वच्छ झाले, पण बंदरावरचे अवलंबन तसेच राहिले.

टॅक्सींची कथा वेगळी, आणि आशेची. विसावे शतक संपताना मुंबईच्या हवेत श्वास घेणे कठीण झाले तेव्हा नागरिक उच्च न्यायालयात गेले. व्ही. एम. लाल समिती बसली, जुन्या टॅक्सींना मुदत घालून दिली गेली, आणि काही वर्षांतच काळी-पिवळी टॅक्सी सीएनजीवर आली. इतका वेग का साधला? इंजिन तेच ठेवता येत होते, डिकीत टाकी बसवली की काम भागत होते. वायू जवळच, मुंबई हायमधून उरणला येत होता आणि महानगर गॅसच्या वाहिन्या शहरात पोचत होत्या. वर न्यायालयाची तारीख होती. शिवाय टॅक्सीवाल्याला रोज दोन पैसे वाचत होते. जिथे इतक्या गोष्टी एकत्र जुळतात तिथे तेलाची जागा पाच वर्षांत भरून निघते. त्यातली एखादी नसली तर वीस वर्षे, आणि एकही नसेल तर तो बदल आपल्या हयातीत होणार नाही, असे माझे अनुमान आहे.

सेनापती बापट मार्गाने उत्तरेला गेले की दादरचा फूलबाजार लागतो. पहाटे तिथे उभे राहावे. वसईचा सोनचाफा टोपल्यांतून येतो तो पहिल्या लोकलने, विजेवर. झेंडू-शेवंती येते पुणे, सातारा, नाशिककडच्या शेतांतून टेम्पोने, रात्रभर घाट उतरून, डिझेलवर. शेजारी भाजीचे ट्रक. शेतात पाणी चढवणारा पंप, नांगरणारा ट्रॅक्टर, भाऊच्या धक्क्यावरून निघणारी मच्छीमार बोट, सगळे डिझेल. देशात खपणाऱ्या पेट्रोलियम पदार्थांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास एकटे डिझेल आहे. मोटारीच्या जाहिरातीत विजेची चकचकीत गाडी दिसते तेव्हा मला हा झेंडूचा टेम्पो आठवतो. एसटीने जून २०२२ मध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर विजेची ‘शिवाई’ आणली. १९४८ मध्ये एसटीची पहिली गाडी याच मार्गावर धावली होती. घाटात विजेची शिवनेरी चढते-उतरते. म्हणजे अवजड गाडीला वीज चालत नाही असे नाही. पण दहा-बारा वर्षे जुना टेम्पो हप्त्यांवर घेतलेला माणूस नवा विजेचा ट्रक कोणत्या पैशाने घेईल, आणि मंचरच्या पुढे रात्री दोन वाजता तो चार्ज कुठे करेल, याचे उत्तर मिळेपर्यंत या बाजारातली निम्मी फुले डिझेलवरच येत राहतील.

इथेनॉलबद्दल थोडक्यात. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये, ठरल्या वेळेच्या पाच वर्षे आधी गाठले गेले, आणि त्यात महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे. उसाच्या शेतकऱ्याला त्याचा आधार झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी पडून साखर घटण्याची भीती दिसताच केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली. नीती आयोगाच्याच हिशेबाने उसापासून एक लिटर इथेनॉल करायला अडीच हजार लिटरांहून अधिक पाणी लागते. मराठवाड्यात टँकरच्या मागे धावणाऱ्या गावांना हे पाणी कोणत्या हिशेबात धरायचे ते ठाऊक आहे. शिवाय हा पर्याय पेट्रोलला आहे. डिझेलच्या टेम्पोला त्याचा काही उपयोग नाही.

कापडाची गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. फिनिक्स मिल सुती कापड विणत असे. आज त्याच जमिनीवरच्या मॉलमध्ये टांगलेले कपडे हातात घेऊन आतली पट्टी वाचावी: पॉलिएस्टर, पॉलिएस्टर, थोडा कापूस, पुन्हा पॉलिएस्टर. जगात तयार होणाऱ्या धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक धागा आता पॉलिएस्टरचा आहे, म्हणजे तेलाचा. विदर्भाचा कापूस आणि सह्याद्रीचे पाणी यांवर चालणारा धंदा या जागेवरून गेला आणि तेलापासून केलेले कापड इथे विकायला आले. इथे तर बदल उलट्याच दिशेने झाला आहे, आणि बॅटरी, सौरपट्टी, पवनचक्की यांपैकी कशानेही तो भरून निघणार नाही. कपडे, औषधांची वेष्टणे, पाइप, रंग, डांबर यांच्यासाठी तेल लागतच राहील, म्हणून ते जाळून संपवू नये, हा साधा विचार या वादात फार मागे पडला आहे.

मग माझे स्वतःचे मत काय? शहरातली माणसे हलवायला तेल लागत नाही, हे मुंबईने शंभर वर्षांपूर्वी सिद्ध केले. तिथे तेलाची जागा वेळेत भरता येईल. स्वयंपाकही विजेवर जाऊ शकतो. माल वाहणे, जहाजे, विमाने, शेती आणि रसायने यांच्या बाबतीत वीस वर्षांत पुरी जागा भरेल असे मला वाटत नाही. तिथे कमी वापरण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते कोणी कमी वापरायचे हे आधी ठरवावे लागेल, नाहीतर भाव ते ठरवेल आणि संपातल्या गिरणी कामगाराच्या घराने जे केले ते पुन्हा त्याच थरातल्या घरांना करावे लागेल. शिवाय नव्या ऊर्जेचे खांब, तांबे, पोलाद, सिमेंट हे सगळे आज डिझेलच्या बळावर खणले आणि वाहिले जाते. तेल मुबलक आहे तोवरच ही उभारणी स्वस्तात होऊ शकते. टंचाई सुरू झाल्यावर पर्याय उभारायला निघालो, तर त्याला लागणारे तेल आणि घरची चूल यांच्यातच ओढाताण होईल.

विजेकडे जायचे तर ती कुठून येणार? लोअर परळमधली स्कूटर आज ज्या विजेवर चार्ज होते तिच्यात ट्रॉम्बेला जाळलेला आयात कोळसा आहे, आणि राज्याच्या विजेत चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राचा, म्हणजे चंद्रपूरकरांच्या फुप्फुसांचा वाटा आहे. सूर्य मावळल्यावर लागणारी वीज साठवायला उदंचन प्रकल्प, म्हणजे पाणी वर चढवून ठेवून नंतर खाली सोडणारे प्रकल्प हवेत. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात शिरवता आणि भिवपुरी अशा दोन ठिकाणी मिळून २,८०० मेगावॉटचा करार झाला. पुन्हा तोच सह्याद्री, त्याच उतारावर. या प्रकल्पांना माझा विरोध नाही, ते लागतील. पण मुळशीला जे शंभर वर्षांपूर्वी विचारले गेले नाही ते मावळ आणि कर्जतच्या गावांना या वेळी आधी विचारले जावे, एवढी अपेक्षा ठेवायचा अधिकार बापटांच्या नावाच्या रस्त्यावर राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या सगळ्यांना आहे. नाणारला आणि नंतर बारसूला तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून जे घडले त्यावरून एवढे तरी कळावे की लोकांना वगळून आखलेला प्रकल्प वेळ वाचवत नाही, वर्षे खातो.

या पुस्तकातल्या लेखकांची मते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ती जुळवायचा प्रयत्नही केलेला नाही. कोणी जैतापूरच्या अणुविजेवर भरवसा ठेवतो, कोणी हायड्रोजनवर, कोणी म्हणतो की तेल संपायच्या आधी त्याची गरजच संपेल. वाचकाने प्रत्येक लेख वाचताना दोन प्रश्न हाताशी ठेवावेत: हा पर्याय तेलाचे नेमके कोणते काम उचलतो, आणि तो उभा राहायला किती वर्षे लागतील.

दुसरा प्रश्न आज कुठे विचारायला हवा, तेही सांगतो. ना. म. जोशी मार्गावर १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळी पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीतून माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात जाणार, आणि जायलाच हवीत. तीन पिढ्या त्यांनी वाट पाहिली. चाळीत जिना होता. इथे लिफ्ट आहे, पाणी वर चढवणारे पंप आहेत, वीज गेली की धडधडणारा डिझेल जनरेटर आहे, वाहनतळ आहे. या इमारती पन्नास-साठ वर्षे उभ्या राहतील, म्हणजे मुंबई हायचा शेवटचा थेंब निघून गेल्यानंतरही. तळमजल्याच्या वायरिंगला गाड्या चार्ज करण्याचा भार झेपेल का, स्वयंपाकघरात विजेच्या शेगडीसाठी वेगळी लाइन आहे का, गच्चीवर सौरपट्ट्यांना जागा सोडली आहे का, जनरेटरऐवजी बॅटरी बसू शकेल का, आणि त्याचा देखभाल खर्च निवृत्त गिरणी कामगाराच्या कुटुंबाला पेलेल का, हे म्हाडाच्या नकाशावर आत्ता ठरते आहे. भिंती गिलावा होऊन बंद झाल्या की हेच काम कित्येक पटींनी महाग पडेल, आणि तो खर्च सोसायटीच्या सभेत, घराघरांतून वर्गणी काढून भागवावा लागेल.